जावयाचा पळायचा रस्ता

आपल्या महेशला पळायला कुठं जातोस विचारा, आधी कान लाल होतील बघा.

दिवाळसणाला हा मोडनिंबजवळच्या सासुरवाडीला गेला होता. सकाळी बूट घातले आणि कुणाला न सांगता ज्वारीच्या रानातनं, कॅनॉलच्या कडेनं माळाकडं पळत सुटला. वाटेत धुणं धुणाऱ्या बाईनं विचारलं, "पाव्हणं, कुटं निघालाय?" याला दम लागलेला. नुसता हात हलवून पुढं गेला.

झालं! हा माळावर पोचायच्या आत, जावई रुसून निघाला म्हणून गावभर बोंब. मागनं सासरे, म्हणजे तात्या, मोटारसायकलवर हजर.

"पाव्हणं, काय चुकलं आमचं? मटण लई तिखट झालं का?"

"नाही हो तात्या, व्यायाम करतोय!"

तात्यांना पटलं. "पण गावाला कसं पटायचं? उद्या मी संगट येतो. बघू दे समद्यांस्नी, आपलं गोड हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी महेश पुढं पळतोय आणि मागं तात्या गाडीवर, हळूहळू. चावडीपाशी बसलेला म्हातारा कळवळून ओरडला, "तात्या, कालपास्नं समजूत काढताय, अजून राग गेला न्हाय व्हय?"