अमीनसाहेबांचे बांधलेले हात

चहा घ्या, पण त्या ट्रेनिंगचं नाव काढू नका राव. निजामाच्या राज्यात परभणीच्या एका दवाखान्यात आमा डॉक्टर लोकांना अपघाताचे इलाज शिकवायला हैदराबादेहून बडे डॉक्टर आले होते. सरावासाठी टेबलावर झोपायला धडधाकट माणूस मिळेना. लोक म्हणायचे, अपशकुन हाय. शेवटी पोलिसांचे अमीनसाहेब, म्हंजे फौजदारच, आडवे झाले. आमी त्यांचे दोन्ही हात फळ्या लावून करकचून बांधले.

"पैले खून रोको," बडे डॉक्टर घसा फोडून सांगायलते, "बाकी सब बाद में!"

तेवढ्यात कापसाच्या जिनिंगमधून एका गड्याला उचलून आणलं. यंत्रात हात गेलेला, रक्ताची धार लागलेली. मी पट्टी घेऊन धावलो, तर टेबलावरून अमीनसाहेब ओरडले, "खबरदार! पंचनाम्याआधी कुणी हात लावायचा न्हाई!"

"मग करा की पंचनामा, मायबाप!" गड्याचा भाऊ रडायला लागला.

"कसा करू? आधी माझे हात सोडा!"

मी बड्या डॉक्टरांकडं पाहिलं. ते खाली बघून म्हणाले, "कानून है."

गाठी काही सुटेनात. मी कात्री उचलली, तर बडे डॉक्टर म्हणाले, "काटो नक्को, सरकारी पट्टी है. कल फिर लगती."

शेवटी दातांनी गाठी सोडल्या. अमीनसाहेबांनी कलम हातात घेतली, तवर गड्याचं रक्त आपोआप थांबलं होतं, अन् श्वासबी.

बडे डॉक्टर पट्टी गुंडाळत आमाला म्हणाले, "गाँठ अच्छी थी. सब पास."