पेन्सिलीची खूण

डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याची वाट बघणाऱ्या शिवणकामवाल्या काकूंचे कान शेजारच्या बहीणभावाकडे लागले होते. भावाच्या तळहातावर दोन लाकडी पेनं होती.

“यातलं बाबांच्या काठीचं कुठलं?”

“तेच तर कळेना गं, ताई.”

“म्हणजे?”

“काठीचा तुकडा तडकलेला निघाला. म्हणून आधी मोडक्या खुर्चीच्या पायावर हात बसवला. तोही तडकलेलाच! दोन्हींच्या भेगा बुजवायला काळं रेझिन ओतलं, घट्ट होणारं.”

“अरे, पण खूण करायची ना!”

“केली होती की, पेन्सिलीनं. लाकूड कातायच्या लेथवर चढवल्यावर पहिली साल खुणेसकट निघाली.”

“धन्य आहेस! बाबांची आठवण म्हणून आईला खुर्चीचा पाय देणार?”

“वास घेऊन बघ ना.”

“दोन्हींना पॉलिशचाच वास येतोय.”

“मग दोन्ही देऊ. एक तरी नक्की बाबांचं असेल.”

काकूंनाही दोन्ही सारखीच दिसली. पण त्यांचा चष्मा अजून यायचा होता.

दार उघडलं. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली आई नर्सच्या हाताला धरून बाहेर आली.

“बाबांची काठी आणलीस ना रे, दाराआडची? आता काही दिवस तिच्याच आधारानं चालायचं आहे मला.”

भावानं मूठ मिटली.