लिंबाजीमामाची स्वस्त गोळी

...आन् वरून मलाच इचारतो, "तू दाखव, चांगली वस्तू आपसूक स्वस्त झालेली कुठं बघितलीस?" आता काय दाखवू ह्या माणसाला? तुमाला सांगतो, आमचा लिंबाजीमामा! उभा जन्म येलदरीच्या धरणावर मासे इकण्यात गेला, म्हणून एकच कायदा ठाऊक : स्वस्त झालं म्हंजी सडलं!

झालं काय, मामाला शुगर. म्हैन्याची गोळी आणायला जिंतूरला गेला, तर मेडिकलवाल्या योगीराजनं नेहमीच्या भावानं दिलेल्यातले निम्म्याच्या वर पैशे परत दिले! दुसरा आसता तर खिशात घालून गुमान एस्टीत बसला आसता. मामा म्हणतो, "का रं?" योगीराज गिऱ्हाइकाच्या गर्दीत, मान वर न करता, "मामा, मुदत संपली ना तिची!" ...मुदत संपली! सरळ तोंडावर! मामानं तिथंच गोळी फोडली आन्... नाकाला लावली! आवो, गोळी! "वास न्हाई," म्हणतो, "म्हंजी वास मारायचं बी औषध घातलंय!" योगीराज वरडायलाय, "गोळीची न्हाई वो, पेटंटची मुदत! पयलं एकाच कंपनीला बनवायचा हक्क व्हता, आता कुणीबी बनवतंय, म्हणून..." पण ऐकतो कोण? स्वस्त झालं म्हंजी सडलं!

गोळ्या बंद. आन् आमाला पत्ता न्हाई बरं का! रुख्मिणीमामीनं पाणी दिलं की गोळी तोंडात, मामी वळली की गोळी तुळशीत! तुळस टवटवीत, मामा वाळायलाय... आन् एक दिवस भर बाजारात रोहू तोलता तोलता तराजूसगट खाली! मासे एकीकडं, मामा एकीकडं. दवाखान्यात नेलं, शुगर बघून डाक्टरनं मशीनच बदलून बघितली. तवा कुठं मामानं तुळशीतल्या गोळ्यांचं कबूल केलं. मामी रडली, लय रडली, आन् मंग जी सुटली... "धरणाचा ठेका एकट्या ठेकेदाराकडं व्हता तवा मासा कोण्या भावानं घ्यायचो? तो सांगंल त्या! ठेका संपला, समद्यांनी जाळी टाकली, भाव उतरला. तवा मासा सडला व्हता का? धरण तेच, पाणी तेच, मासा तोच! बोला की आता!"

मामानं गोळीसाठी हात पुढं केला. गोळ्या सुरू झाल्या, शुगर उतरली, तोंडावर तेज आलं. म्हणलं, सुटलो! कशाचं सुटतो? संशयानं नुसती कूस बदलली! "तीच गोळी हाय ना? मंग इतकी वर्सं माझ्याकडून घेतलं ते कशाचं?" मी म्हणलं, "मामा, शोध लावायला खर्च येतो." "येऊ दे की," म्हणतो, "पण तो एकट्या माझ्याच शुगरीवर काढायचा का?"

परवा तपासायला घेऊन गेलो. डाक्टर म्हणले, "काका, नवीन गोळी आलीय. तुमचीच आहे, पण तिच्यात आणखी एक औषध मिसळलंय. जरा महाग आहे." मामानं माझ्याकडं बघितलं... मंग डाक्टरकडं... आन् एकदम अदबीनं, "साहेब, हिचा ठेका कवा संपतो?"

"हिचा? अजून बरीच वर्षं आहेत की!"

मामानं सुस्कारा सोडला, टोपी घातली, आन् उठता उठता म्हणला,

"बरं... म्हंजी तवर जगणं आलं!"