गावजेवणाची पाई

एफी : बाबा, एक विचारू? मैत्रिणींनी पैज लावलीय, तुझी विचारायची हिंमतच होणार नाही म्हणून. पणजोबांच्या पाईनं खरंच माणसं मेली होती?

बाबा : मेलं कुणी नाही. निम्मं गाव आठवडाभर आडवं झालं. उरलेली पाई खाणीत ढकलली. जा, सांग त्या भवान्यांना.

एफी : पण बिघडली कशानं?

आई : त्यात लपवण्यासारखं काय, क्लाइव्ह? एवढ्या मोठ्या पाईत पिठाच्या पोळीखाली भरायचं मांस एका दिवसात शिजत नाही, एफी. रोज थोडं थोडं शिजवून परातीत घालतात. पण आधी गार करून. त्यांनी गरमच ओतलं, मग आत ऊब धरून सगळं नासलं.

एफी : ...मग मंगळवारी आपण काय केलं?

बाबा : काय केलं?

एफी : तू म्हणालास, गार करायला जागा नाही, ओत तसंच. मी ओतलं. सहा पातेली.

आई : क्लाइव्ह! मला तर म्हणालास, शीतगृहात ठेवलं!

बाबा : आठ फुटांची परात कुठल्या शीतगृहात मावते गं? ओल्या फडक्यांनी झाकली होती की.

एफी : आज शनिवार आहे, बाबा. मघाशी मी वरची पिठाची पोळी कडेला जरा उचलली. आत बुडबुडे येतायत. आणि भट्टी तर अजून पेटलीसुद्धा नाही.

बाबा : मैदानावर भट्टीत गेली की सगळं मरतं.

आई : तुझे आजोबाही हेच म्हणाले असतील.

बाबा : मॉरीन, सत्तर वर्षांनी गावानं पुन्हा आपल्या घराला पाई सांगितलीय! जन्मभर ऐकतोय मी. पबमध्ये कुणी पाई मागवली की म्हणतात, ‘क्लाइव्हनं केली नाही ना? मग आण.’ आज बाराशे माणसं ताटल्या घेऊन येणार. शाळेची पोरं पहिल्या रांगेत. त्यांना काय सांगू?

आई : हेच, पाई बिघडलीय म्हणून.

बाबा : पाई न्यायला ट्रॅक्टर आला. बँडही वाजायला लागला. एफी, परात त्या बाजूनं धर.

एफी : नाही धरणार.

बाबा : एफी, तमाशा नको.

एफी : आई, बाबा, माझं ठरलंय. मी ट्रॅक्टरपुढे उभी राहणार. विचारतील त्यांना सांगणार, गरम मांस मी ओतलं. तुझं नाव नाही घेणार, बाबा. पण ही पाई फाटकाबाहेर जाणार नाही.