पुटकुळीची हळद

महारुद्र : आत्या, उंबऱ्यातून ऊठ की. आबा कवाचे जीपमधी जाऊन बसलेत. परमेश्वर डायवरनं भोंगा वाजवून वाजवून आळीतली सगळी कुत्री गोळा केलीत.

धुरपताबाई : वाजवू दे. हळद लागलेलं लेकरू मी शिवंभाईर जाऊ देत न्हाई.

महारुद्र : अगं, ती लग्नाची हळद न्हाई! नाकावर पुटकुळी आलीय. ही बघ. पोरगी बघायला जायचं अन् नेमकी आजच आली.

धुरपताबाई : पुटकुळी बघून मला काय करायचंय? हळद लागली का न्हाई, तेवढं सांग.

महारुद्र : लागली.

धुरपताबाई : कोणी लावली?

महारुद्र : आईनं. डाळीच्या पिठात कालवून.

धुरपताबाई : अन् कुटली कोणी?

महारुद्र : चांगुणामावशीनं. त्यांच्याकडं घरची हळद हाय म्हणून.

धुरपताबाई : मग बबिता तिथं काय करायलती?

महारुद्र : वहिनी म्हणली पातळ झालंय, तिनं तांदळाचं पीठ टाकलं. प्रियांकावहिनीनं मोबाइलवर बघितल्तं, दही अन् मध घातल्याबिगर पुटकुळी बसत न्हाई म्हणून. मग काकू म्हणली, आता गालाला बी लावा, न्हाईतर नाक येगळं दिसंल.

धुरपताबाई : तुझी माय, चांगुणाबाई, बबिता, प्रियांका, काकू. पाच सवासनींचं बोट लागलं. मी तर तिकडं फिरकले बी न्हाई. हळद झाली, तांदूळ झाले, दही-मध झालं. दही-मध नवरदेवाला कवा देतेत, ठावं हाय का?

महारुद्र : देतेत ते खायाला देतेत. मला नाकाला लावलंय.

धुरपताबाई : नाकावरून तोंडात यायला किती उशीर लागतोय?

महारुद्र : अन् ही सुरी कामून दिलीस माझ्या हातात?

धुरपताबाई : हळदीच्या अंगाला भाईरचं वारं लागतंय. हातात लोखंड पाहिजे.

महारुद्र : टोकाला लिंबू?

धुरपताबाई : पुटकुळीला चोळायला तुमीच आणल्तं. ऐतं दिसलं, टोचलं.

महारुद्र : आबा काय म्हणले?

धुरपताबाई : भगवान काय म्हणंल? धाकटा भाऊ हाय माझा. "अक्का म्हणती ते खरं" म्हणला अन् जीपमधी जाऊन बसला.

महारुद्र : आत्या, नीट ऐक. दुपारून पोरीला बघायला पाथरीचं पाहुणं येणार हाय. त्याच्या आधी आपण पिंगळीला पोचलो न्हाई तर खेळ खलास. आजपर्यंत जिथं गेलो तिथून नकारच आलाय. कुणी म्हणलं पोराला पुण्यात फ्लॅट न्हाई, कुणी म्हणलं गाव लय आडबाजूला हाय. ही पोरगी पहिल्यांदा आपणहून म्हणली, "येऊन जा." मला हीच पाहिजे. दुसरी नको.

धुरपताबाई : मग तर ब्येसच झालं. हळद उतरायच्या आत लग्न लावून टाकू. लागलेली हळद तशीच वाळवू नये, अपशकुन असतोय.

महारुद्र : बघायच्या आधीच लग्न?

धुरपताबाई : मी माझ्या मालकाचं तोंड लग्न लागल्यावर बघितलं. त्यांच्या बी नाकावर फोड हुता. काय बिघडलं?

महारुद्र : हळद न्हाईच आता. तोंड धुतलंय म्या. कपड्याच्या साबणानं घासलंय.

धुरपताबाई : मग लाल कामून दिसायलंय?

महारुद्र : साबण लागला की हळद लाल हुती.

धुरपताबाई : हळद लाल झाली म्हंजे काय झालं? कुंकू झालं. आधी हळदच हुती, आता कुंकू बी लागलं.

महारुद्र : देवा!

धुरपताबाई : देवाला पहिली पत्रिका जाती. छापली न्हाई अजून. मधीच हाक मारू नको.

(फोन वाजतो. महारुद्रच्या एका हातात लिंबू टोचलेली सुरी आहे. तो दुसऱ्या हाताने फोन स्पीकरवर टाकतो.)

राजेश्री : हॅलो, मी राजेश्री बोलतेय, पिंगळीहून. कुठपर्यंत आलात तुमी? पप्पा सारखे रस्त्यावर जाऊन बघायलेत.

महारुद्र : उंबऱ्यापर्यंत आलो.

राजेश्री : कोणाच्या?

महारुद्र : आमच्याच.

राजेश्री : म्हणजे निघालाच नाहीत? दुपारी ते पाथरीचे येणार आहेत, सांगितलं होतं ना मी?

महारुद्र : कसं सांगू तुमाला... मला हळद लागलीय.

राजेश्री : कोणासोबत?

महारुद्र : पुटकुळीसोबत. म्हंजे पुटकुळीला. नाकावर आल्ती, म्हणून घरच्यांनी हळद लावली, तर आत्या म्हणती आता शीव ओलांडायची न्हाई.

राजेश्री : हळदीच्या आधी टूथपेस्ट लावली असेल.

महारुद्र : तुमाला कसं कळलं?

राजेश्री : मी मेडिकलवर कामाला आहे. रोज एखादा तरी येतो नाक भाजून घेऊन. टूथपेस्ट, लिंबू, सोडा, काही म्हणून सोडत नाहीत. अहो, पुटकुळीला साध्या पाण्यानं धुवायचं आणि तिच्या नादाला लागायचं नाही. आपोआप जाते.

धुरपताबाई : असं सांगितल्यावर तुमचं दुकान कसं चालायचं बाई?

राजेश्री : कोण बोलतंय?

धुरपताबाई : मी धुरपताबाई. पोराची आत्या. नवरदेव काही यायचा न्हाई. तुमीच वऱ्हाड घेऊन राणीसावरगावला या.

राजेश्री : आत्याबाई, मला बघायला तुमी येणार होतात. आमीच तिकडं आलो तर इथं पोहे कुणाला द्यायचे?

महारुद्र : असं करू. मी आमच्या शिवंपतुर येतो, तुमी तिथं या. शीव काही ओलांडत न्हाई.

धुरपताबाई : शिवंवर नवरदेव उभा राहिला म्हंजे सीमांतपूजन झालं. हिच्या बापाला तुझे पाय धुवावे लागतेल. तांब्या घेऊन यायला सांग.

महारुद्र : हिला काही बी सांगा, लग्नाच्या आणखीन जवळ नेऊन बसवती!

राजेश्री : थांबा जरा. आत्याबाई, हळद कोणी कोणी लावली?

धुरपताबाई : पाच सवासनींनी.

राजेश्री : तुमी लावली का?

धुरपताबाई : मी कशी लावीन? माझं कपाळ मोकळं हाय, बाई. लग्नाच्या हळदीला माझा हात चालत न्हाई.

महारुद्र : कोण म्हणतं चालत न्हाई?

धुरपताबाई : कुणी म्हणावं लागत न्हाई. आपणच मागं सरकायचं असतंय. गोपाळच्या हळदीला मी मागल्या दारी वांगे चिरीत बसले. इकडून गाणे ऐकू यायचे. जसजसे गाणे यायचे तसतसे मी वांगे चिरायचे.

महारुद्र : म्हणून दादाच्या लग्नात सकाळ-संध्याकाळ वांग्याचीच भाजी हुती?

धुरपताबाई : लय चिरले गेले. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

राजेश्री : आत्याबाई, हे लहान असताना यांना न्हाऊ कोण घालायचं?

धुरपताबाई : मीच. ह्याच्या मायला उठवत नव्हतं. साय, हळद अन् डाळीचं पीठ. ह्याच्या सगळ्या अंगाला माझंच बोट. तवा माझे मालक हुते.

राजेश्री : मग आज पण तुमीच लावा.

धुरपताबाई : अगं, येडी का खुळी तू? माझं बोट लागलं तर ती लग्नाची हळद राहती का?

राजेश्री : तेच तर म्हणतेय मी.

धुरपताबाई : काय?

राजेश्री : तुमचं बोट लागलं की ती लग्नाची राहत नाही. मग राहिलं काय? पुटकुळीचं औषध. औषध लावलेल्या माणसाला शिवेची आडकाठी नसते. आमच्या मेडिकलवर चार गावचे लोक येतात, शीव ओलांडूनच येतात.

धुरपताबाई : महारुद्रा, भगवानच्या घरात वकीलच यायलीय की रे.

महारुद्र : आत्या, वाटीत राहिलीय थोडीशी. लाव.

धुरपताबाई : लय दिस झाले, बोट चुकंल माझं.

महारुद्र : नाक मोठं हाय, चुकायचं न्हाई.

धुरपताबाई : डोळे मिट. लहानपणी बी असाच टकमक बघायचास अन् मग डोळ्यात गेलं की बोंबलायचास. मिट म्हणलं ना!

महारुद्र : मिटले. आत्या, तू रडायलीस का?

धुरपताबाई : हळद झोंबायलीय.

महारुद्र : झोंबली तर माझ्या नाकाला झोंबंल, तुला कशी?

धुरपताबाई : गुमान बस. गालाला बी लावते, न्हाईतर नाक येगळं दिसंल. हात पुढं कर. कपाळाला बी लावते.

राजेश्री : आत्याबाई, कपाळावर पण पुटकुळी आहे का?

धुरपताबाई : यायची असंल एखादी.

राजेश्री : लावा मग. मी पप्पांना सांगते, पाहुणे निघाले म्हणून.

महारुद्र : अन् पाथरीच्या पाहुण्याला?

राजेश्री : त्यांना सांगते, पोरीच्या नाकावर भली मोठी पुटकुळी आलीय. येणारच नाहीत ते.

महारुद्र : खरंच आलीय का तुमाला?

राजेश्री : नाही हो. तुमी निघा आता. आणि तोंड धुऊ नका, तसेच या. कसा माणूस आहे ते आईला बघू दे. ठेवते.

महारुद्र : आत्या! ऐकलंस का? ती पाथरीच्यांना नगं म्हणायलीय!

धुरपताबाई : ऐकलं. मी काही बहिरी न्हाई. सुरी ठिव हितं. लिंबू घेऊन जा, जीप लागती तुला.

महारुद्र : आता तर ऊठ उंबऱ्यातून.

धुरपताबाई : हात दे. बसून बसून पाय आखडले.

महारुद्र : आत्या, माझ्या लग्नात हळद तूच लावायची. पहिलं बोट तुझं.

धुरपताबाई : लग्नात पावण्यारावळ्यांच्या बायका असतेत. बोलतेत.

महारुद्र : बोलू दे.

धुरपताबाई : बोलू दे म्हणायला सोपं असतंय, बाबा. मांडवात ज्याच्याकडं सगळे बघतेत त्याला कळतंय ते.

महारुद्र : मग काय, पुन्हा वांगे चिरीत बसणार का?

धुरपताबाई : न्हाई. तू एक काम कर.

महारुद्र : काय करू?

धुरपताबाई : लग्नापतुर एखादी पुटकुळी राखून ठिव.