फक्त पांढरे पट्टे हो!

...आणि टाळ्या कसल्या वाजवता म्हणतो मी! तीन दिवस, तुम्हाला सांगतो, तीन दिवस मला त्या विद्यापीठात कोंडलं! नगररचना शिकणारी पोरं आणि पालिकेच्या खात्यात नकाशे काढून टक्कल पडलेले आम्ही, यांनी म्हणे गट करून एकत्र बसायचं अन् शहराचं एक दुखणं बरं करायचं, वर त्याची स्पर्धा! साहेब म्हणाले, "तुम्हीच जा, तुम्हाला अनुभव आहे." अनुभव कसला... बाकीचे रजेवर होते!

दुखणं सांगा म्हणाले, मी आपलं घरचं सांगितलं. आई रस्त्याच्या अलीकडे, सख्खी मावशी पलीकडे, मध्ये सहा पदरी रस्ता. दोघी म्हाताऱ्या, गाड्यांतून पळणं जमत नाही, म्हणून आपापल्या गॅलरीत उभ्या राहून हात करतात अन् फोनवर बोलतात! दोन वर्षं भेट नाही हो! काय हवं ओलांडायला? फक्त पांढरे पट्टे हो! त्या पट्ट्यांची फाइल मीच सात वर्षं ढकलत आणलेली, एक सही उरली होती... एक!

पोरं गुणी, खोटं कशाला बोलू? एक चष्मेवाली तर आईला भेटूनही आली. पहिल्या दिवशी कागदावर पट्टे उमटले, मी म्हटलं, जिंकलं! तेवढ्यात प्राध्यापक, "छान... पण जरा मोठा विचार करा ना!" केला. पट्ट्यांचा पूल झाला. दुसऱ्या दिवशी परीक्षक म्हणून आलेले एक बडे आर्किटेक्ट, मान तिरकी करून, "हा पूल श्वास घेत नाहीये..." घ्या! पुलावर बाग आली, बागेत कारंजं, कारंज्याशेजारी वाचनालय! मी कोपऱ्यातून ओरडतोय, अहो, फक्त पांढरे पट्टे हो! तर चष्मेवाली हळूच म्हणते, "काका, पट्ट्यांना मार्क नाहीत."

तिसऱ्या दिवशी आमचा थर्माकोलचा पूल पहिला आला! टाळ्या! मीही वाजवल्या, मूर्खासारख्या! सोमवारी ऑफिसात साहेब खूश, "अभिनंदन, पूल तत्त्वतः मंजूर!" तत्त्वतः म्हणजे कळलं ना? कधीच नाही! "आणि नियम तुम्हाला ठाऊकच, एका जागेवर दोन प्रस्ताव चालत नाहीत. ती पट्ट्यांची फाइल बंद करा." केली. कुणी? मीच हो! माझ्याच अक्षरात!

घरी आलो तर आई गॅलरीत. "काय रे, पट्टे कधी?" म्हटलं, आई, आता पूल होणार, वर बाग, कारंजं... तिनं पलीकडे मावशीला हात केला अन् म्हणाली, "बरं. आमच्यातली एक गेली की तिरडीला तरी थांबतील रे गाड्या... तेव्हा होईल भेट."