साडेचारचं भजन

शेवंती: म्हणजे ह्या काडीपेटीएवढ्या वस्तूत रेडिओ आसा?

हितेंद्र: यात नुसती एरियल लागते, आई. बाकी रेडिओ लॅपटॉपमध्ये. मुंबईची अख्खी हवा स्क्रीनवर दिसते, बघ.

शेवंती: माका दिसूक नको. ऐकूक होया. साडेचारला ह्यांच्या मंडळाचा भजन लागतला.

आकांक्षा: चार वाजून गेले. तरी सांगत होते, आईंचा ट्रान्झिस्टर भंगारात देऊ नको.

हितेंद्र: मोबाइलवर सगळं येतं म्हणून दिला.

आकांक्षा: येतं ना. हे स्टेशन सोडून सगळं.

शेवंती: झिला, गिरणी चालू होती तेव्हाचा भजन आसा. तेव्हाही रेडिओवर लागला होता. आख्ख्या काळाचौकीन ऐकला. मी तेवढी गावाक, तुझ्या बाळंतपणाक.

आकांक्षा: म्हणजे दोन्ही वेळेला हाच आडवा आला.

हितेंद्र: काढतो ना आता. पण बाबा कधी गायचे?

शेवंती: गळो खय होतो त्यांका? झांज वाजवायचे. बुवा म्हणायचे, आमी अजून अभंगातच आसतो तवसर कुशाबाची झांज घराक पोचता.

(लॅपटॉपमधून खरखर, मध्येच साबणाची जाहिरात.)

आकांक्षा: ही जाहिरात मघाशी दुसऱ्या नंबरवर होती ना?

हितेंद्र: पाच नंबरांवर आहे. आपलं स्टेशन तिच्याखाली दबलंय. गेन फुल्ल केलाय तरी.

आकांक्षा: गेन म्हणजे?

हितेंद्र: रेडिओने कान किती टवकारायचे ते.

आकांक्षा: मग कमी कर.

हितेंद्र: कमी केल्यावर ऐकू कसं येणार? काहीतरी लॉजिक असतं, आकांक्षा.

आकांक्षा: तुझी आत्या फोन करते तेव्हा मी फोन कानापासून हातभर लांब धरते. तेव्हाच शब्द कळतात.

हितेंद्र: ...कमी करतो.

आकांक्षा: गेली जाहिरात.

हितेंद्र: जाणारच. जवळची स्टेशनं एवढी दणदणीत असली की गेन कमीच ठेवायचा असतो.

आकांक्षा: हो का.

हितेंद्र: आता फक्त खरखर. या उभ्या रेघा बघ, सारख्या अंतरावर. घरातलंच काहीतरी आहे. चार्जर काढ. सेट टॉप बॉक्स. ट्यूब.

आकांक्षा: सगळं बंद. फ्रिजसुद्धा. बांगडे आहेत आत, लवकर आटप.

हितेंद्र: तरी रेघा आहेतच. आता काय उरलं?

आकांक्षा: बाबांच्या फोटोवरची एलईडीची माळ.

शेवंती: ती बंद नाय होवची. वर्साचा श्राद्ध होईसर फोटोफुडे उजेड होयो.

हितेंद्र: आई, बाबांचं भजन बाबांच्याच फोटोमुळे ऐकू येत नाहीये.

शेवंती: त्यात नवीन काय? जित्ते होते तेव्हाही रेडिओ लागलो की मध्येच बोलायचे.

आकांक्षा: आई, निरांजन लावलं तर? उजेड राहील आणि तेलाच्या वातीला खरखर नसते.

शेवंती: ...ह्या बरा सुचला तुका. थांब, मीच लावतंय. हं. काढ आता ती माळ.

हितेंद्र: गेल्या. रेघा गेल्या. आवाज वाढव, आवाज.

आकांक्षा: लागलं, आई. बुवाच ना हे?

शेवंती: बुवाच. गप ऱ्हवा.

हितेंद्र: एक मिनिट, मागे अजून काहीतरी छन-छन येतंय. तालातही नाही, दर वेळी जरा आधीच. शेजारचा मिक्सर असणार. फिल्टर लावतो, लगेच जाईल.

शेवंती: हात लाव नको त्येका.

हितेंद्र: अगं, साफ ऐकू येईल.

शेवंती: ते तुझे बाबा आसत.